अमूर्त चित्रांच्या संग्रहालय-दर्जाच्या मुद्रित प्रतिकृती : ग्रामीण महाविद्यालयांसाठी निवड, खरेदी आणि जतन

गोषवारा : अमूर्त चित्राची मूळ कृती विकत घेणे ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर गेले आहे आणि ती पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना महानगर गाठावे लागते. अशा वेळी उत्तम मुद्रित प्रतिकृती हाच व्यवहार्य पर्याय उरतो. मात्र 'संग्रहालय-दर्जा' हा शब्द विक्रेत्यांकडून सैलपणे वापरला जातो. प्रस्तुत लेखात या शब्दामागील तांत्रिक घटक, प्रताधिकाराचे प्रश्न, दरपत्रक मागवताना नोंदवायच्या अटी आणि कोकणपट्टीतील दमट हवेत करावयाचे जतन यांचा विचार केला आहे. आकृतिप्रधान चित्रापेक्षा अमूर्त चित्राच्या बाबतीत प्रतिकृतीचा दर्जा अधिक निर्णायक असतो, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : अमूर्त चित्रकला, मुद्रित प्रतिकृती, मुद्राचित्र, रंगद्रव्ययुक्त शाई, प्रताधिकार, जतन.

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी आणि कसारा यांच्या दरम्यान उंबरमाळी हे छोटे स्थानक आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कसारा सुमारे १२० किलोमीटर अंतरावर आहे. शहापूर तालुक्याच्या या टोकावरील किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यातील विद्यार्थ्याला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचे मुंबईतील दालन पाहायचे असेल, तर त्याचा संपूर्ण दिवस आणि एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. हे दालन १९९६ साली सर कावसजी जहांगीर सभागृहात सुरू झाले. जहांगीर कलादालन तर १९५२ पासून आहे. तथापि अंतर आणि खर्च यांमुळे पदवी हाती पडेपर्यंत या दोन्ही ठिकाणी पाऊल न ठेवलेले विद्यार्थी या भागात असणे स्वाभाविक आहे.

मराठी साहित्य, सौंदर्यशास्त्र, इतिहास किंवा मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला अमूर्ततेची संकल्पना कधी ना कधी समजावून सांगावी लागते. त्या वेळी पाठ्यपुस्तकातील टपाल तिकिटाएवढे कृष्णधवल चित्र किंवा प्रोजेक्टरवरील फिकट प्रतिमा एवढेच साधन हाती असते. महाविद्यालयाच्या भिंतीवर एखादे अमूर्त चित्र असलेच, तर ते बहुधा तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्सवर छापून घेतलेले असते. या पार्श्वभूमीवर चांगली प्रतिकृती म्हणजे काय आणि ती कशी मिळवावी, हा प्रश्न केवळ भिंतीच्या सजावटीचा राहत नाही. तो अध्यापनाचा प्रश्न ठरतो.

मूळ कृतीचा मार्ग का बंद झाला

महाराष्ट्रातील शैक्षणिक आणि संशोधन संस्थांनी मूळ आधुनिक चित्रे विकत घेण्याची परंपरा पूर्वी होती. डॉ. होमी भाभा यांनी मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी समकालीन भारतीय चित्रकारांची चित्रे जमवली. त्या संग्रहात वासुदेव गायतोंडे यांच्याही कृती आहेत. चित्रकार तरुण होते आणि किमती माफक होत्या, म्हणून ते शक्य झाले.

पुढील काळात चित्र पालटले. नागपूर येथे १९२४ साली जन्मलेले आणि सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले गायतोंडे २००१ साली निवर्तले. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या लिलावात त्यांचे एक चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. मार्च २०२१ मध्ये दुसऱ्या एका चित्राला सुमारे ३९.९८ कोटी, तर सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० सालच्या एका चित्राला सुमारे ६७.०८ कोटी रुपये मिळाले. सय्यद हैदर रझा यांचे 'जेस्टेशन' हे १९८९ सालचे चित्र ऑगस्ट २०२३ मध्ये ५१.७५ कोटी रुपयांना गेले. ही चित्रे खाजगी संग्रहांत गेल्यावर सर्वसामान्य रसिकाला ती पुन्हा केव्हा दिसतील, याची शाश्वती नसते. त्यामुळे प्रतिकृतीचा विचार अपरिहार्य ठरतो.

ओलिओग्राफची परंपरा आणि अमूर्ताची अडचण

मुद्रित चित्र सामान्य घरात पोहोचवण्याचा मोठा प्रयोग याच प्रदेशात झाला. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप मुद्रणालय सुरू केले. पुढे ते लोणावळ्याजवळ मळवली येथे हलवण्यात आले. जर्मन तंत्रज्ञांच्या साहाय्याने, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून तेथे ओलिओग्राफ छापले जात. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून काही प्रतींवर वार्निश चढवीत आणि पृष्ठभागावर कॅनव्हासचा पोत उठवीत. आज कॅनव्हासवर छापून वर पारदर्शक लेप देण्याची जी पद्धत आहे, तिचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

या ओलिओग्राफांचा दर्जा सर्वत्र सारखा नव्हता. काही प्रतींत रंग एकमेकांवर नीट बसत नसत, काहींत ते भडक होत. तरीही देवघरातील लक्ष्मी लक्ष्मीच राहिली आणि वीणा धारण केलेली सरस्वती ओळखू आली. याचे कारण असे की आकृतिप्रधान चित्रात विषय, कथा आणि प्रतीक हे घटक छपाईतील दोष सोसूनही शिल्लक राहतात. पाहणारा उरलेला भाग आपल्या स्मृतीतून भरून काढतो.

अमूर्त चित्रात हा आधार नसतो. गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणण्याऐवजी 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाची संज्ञा पसंत करीत. रोलर आणि रंगपट्टीची सुरी यांच्या साहाय्याने ते रंगाचे थर चढवीत, ते काढीत, पुन्हा चढवीत. कागदाचे तुकडे वापरून रंग उमटवीत किंवा उचलून घेत. त्या चित्रात पाहण्यासारखे जे आहे ते या थरांत आहे : एका छटेचे दुसरीत विरघळणे, खालच्या थरातून वर येणारा उजेड, पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा. निकृष्ट छपाईत नेमके हेच नाहीसे होते. पिवळ्या छटांचे दहा स्तर एकाच सपाट पिवळ्यात बुजतात. अशा प्रतीसमोर उभा राहिलेला विद्यार्थी 'यात काहीच नाही' असे म्हणाला, तर त्याच्या रसिकतेला दोष देता येत नाही. त्याने जे पाहिले त्यात खरोखरच काही उरलेले नसते. म्हणून अमूर्त चित्राच्या प्रतिकृतीचा दर्जा ही चैनीची बाब नसून आशय टिकण्याची पूर्वअट आहे.

मुद्राचित्र आणि प्रतिकृती यांतील भेद

खरेदीपूर्वी एक मूलभूत भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. एचिंग, शिळाछाप, काष्ठठसा किंवा सेरिग्राफ या माध्यमांत चित्रकार स्वतः, अथवा त्याच्या देखरेखीखाली कारागीर, जी चित्रे छापतो ती मुद्राचित्रे होत. त्यांवर चित्रकाराची हाताने केलेली स्वाक्षरी आणि प्रतीचा क्रमांक असतो. मुद्राचित्र ही मूळ कृतीच असते. तिच्या प्रती अनेक असतात, इतकेच. रझा यांच्या सेरिग्राफांच्या अशा आवृत्त्या निघाल्या आहेत. सपाट, काटेकोर कडांचे रंग या तंत्राला मानवत असल्याने त्यांच्या भौमितिक रचना त्यात चांगल्या उतरतात.

याउलट, आधीच अस्तित्वात असलेल्या चित्राचे छायाचित्र घेऊन छापलेली प्रत ही प्रतिकृती होय. तिच्यावर 'मर्यादित आवृत्ती' असे छापून क्रमांक घातला तरी ती मूळ कृती होत नाही. मूळ चित्रातील स्वाक्षरीही छपाईत उमटलेली असते; तिला हस्ताक्षर समजू नये. प्रतिकृती गुंतवणूक म्हणून घेणे व्यर्थ आहे. ती पाहण्यासाठी आणि शिकवण्यासाठी घ्यावयाची असते.

'संग्रहालय-दर्जा' म्हणजे काय

हा शब्दप्रयोग व्यापारी आहे. तो छापला म्हणजे दर्जाची हमी मिळाली, असे नाही. ग्राहकाने शब्दामागील पुढील चार घटक तपासावेत.

पहिला घटक कागद. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या साध्या कागदात लिग्निन व आम्ल असते. त्यामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. जतनयोग्य कागद आम्लरहित असतो आणि उत्तम प्रतीचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनवतात. टिकाऊ कागदासाठी आयएसओ ९७०६ आणि अभिलेखीय कागदासाठी आयएसओ १११०८ ही आंतरराष्ट्रीय मानके आहेत. कागद अतिशुभ्र दिसावा म्हणून त्यात काही वेळा प्रकाशदीप्त रसायने घालतात. काळाच्या ओघात त्यांचा प्रभाव ओसरतो आणि चित्राचा रंगतोल बदलतो. म्हणून किंचित दुधाळ वर्णाचा, अशा रसायनांविना केलेला कागद श्रेयस्कर.

दुसरा घटक शाई. विरघळणाऱ्या रंजकाची शाई आरंभी तेजस्वी दिसते, पण उजेडात लवकर फिकट होते. सूक्ष्म रंगद्रव्यकणांची शाई तुलनेने कितीतरी अधिक टिकते. इंकजेट यंत्रावर काढलेल्या कलाप्रतींसाठी 'जिक्ले' हा शब्द १९९१ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला. त्या काळच्या आयरिस यंत्रांतील शाई रंजकाची होती आणि आरंभीच्या अनेक प्रती फिकटल्या. तेव्हा केवळ 'जिक्ले' या नावावर विसंबून न राहता शाईचा प्रकार विचारावा. ऑफसेटवर छापलेले भित्तिचित्र भिंगाखाली पाहिल्यास चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. आठ ते बारा शायांच्या यंत्रावरील प्रतीत छटा सलग दिसतात. हातात भिंग असेल, तर ही परीक्षा कोणालाही करता येते.

तिसरा घटक मूळ प्रतिमा. साधारणपणे दर इंचास ३०० बिंदू ही चांगल्या छपाईची पातळी मानतात. दुरून पाहावयाच्या मोठ्या प्रतीसाठी ती २०० पर्यंत उतरवता येते. २४ × ३६ इंचांच्या प्रतीसाठी ३०० च्या हिशेबाने ७२०० × १०८०० बिंदूंची, म्हणजे सुमारे ७.७८ कोटी बिंदूंची प्रतिमा लागते. संगणकावरून उतरवून घेतलेली १२०० बिंदू लांबीची प्रतिमा ३६ इंचांवर ताणली, तर दर इंचास केवळ ३३ बिंदू उरतात. ही उणीव कोणताही महागडा कागद भरून काढू शकत नाही.

चौथा घटक रंगांची निष्ठा. मूळ चित्राचे छायाचित्र घेताना रंगपट्टी ठेवली होती का, पडदा व मुद्रणयंत्र यांचा रंगमेळ साधला होता का, हे विचारावे. काही बाबी छपाईच्या कक्षेबाहेरच्या असतात. प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरले. त्या रंगाची चकाकी मॅट कागदावर येणार नाही. जाड थरांचा उठावही येणार नाही. विक्रेता 'हुबेहूब' म्हणत असेल, तर त्याचे म्हणणे तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे.

चित्राची निवड : आकार आणि माध्यम

वरील मर्यादा लक्षात घेतल्या की निवडीचे एक सूत्र हाती येते. जे चित्र मूळ आकारात छापता येईल आणि ज्याचे मूळ माध्यम कागदाला जवळचे आहे, त्याला अग्रक्रम द्यावा. अमूर्त चित्रात आकार हा आशयाचाच भाग असतो. माणसाच्या उंचीजवळ जाणाऱ्या कॅनव्हाससमोर शरीराला जे जाणवते, ते त्याच्या एक फुटी प्रतीत जाणवत नाही. याउलट पॉल क्ले यांची कितीतरी जलरंगचित्रे लहान आणि कागदावरचीच आहेत. कापसाच्या कागदावर मूळ आकारात छापलेली अशी प्रत मूळ कृतीच्या पुष्कळ जवळ जाते. १९८४ मधील अपघातानंतर गायतोंडे यांनी कागदावर शाईने केलेली लहान रेखाटनेही याच दृष्टीने अनुकूल ठरतात. भौमितिक रचनांत पीट मॉन्ड्रियान यांचे 'ब्रॉडवे बूगी वूगी' हे चित्र प्रत्येक बाजूस १२७ सेंटिमीटर आहे. मोठी भिंत आणि पुरेसा निधी असल्यास तेही मूळ आकारात घेता येईल.

चित्र चौकटीत बसवण्यासाठी कापू नये. गायतोंडे यांच्या उत्तरकाळातील पुष्कळ चित्रे उभ्या आकाराची आहेत. तयार आडव्या चौकटीसाठी त्यांचा वरचा-खालचा भाग छाटणे म्हणजे रचनाच मोडणे होय.

प्रताधिकाराचा प्रश्न

भारतातील प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्रावरील प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यानुसार बरवे (मृत्यू १९९५) यांच्या चित्रांवरील हक्क २०५५ अखेर, गायतोंडे यांच्या चित्रांवरील २०६१ अखेर आणि रझा (मृत्यू २०१६) यांच्या चित्रांवरील २०७६ अखेरपर्यंत आहे. क्ले १९४० मध्ये, तर कँडिन्स्की आणि मॉन्ड्रियान १९४४ मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांची मुदत भारतात संपली आहे.

येथे एक गैरसमज आढळतो. चित्र विकत घेतल्याने त्याचा प्रताधिकार मिळत नाही. त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. त्यामुळे चित्र ज्यांच्या संग्रही आहे त्यांची आणि प्रताधिकारधारकाची, अशा दोन वेगळ्या परवानग्या लागू शकतात. वर्गात शिकवताना चित्र दाखवण्यास कायद्यात काही सवलती आहेत. त्यांच्या आधारे भिंतीवर कायम लावण्यासाठी मोठी प्रत छापून घेता येईल, असे गृहीत धरू नये. भारतीय चित्रकारांच्या बाबतीत अधिकृत परवानगीने निघालेली प्रतच घ्यावी आणि परवानगीचा उल्लेख देयकावर मागावा. प्रताधिकारमुक्त चित्रांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०१८ पासून अनेक उच्च दर्जाच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या आहेत. प्रत्येक प्रतिमेसोबतचे निवेदन वाचून ती उतरवून घ्यावी आणि कलाप्रती छापणाऱ्या चांगल्या मुद्रकाकडून छापून घ्यावी. कमी निधीतील हा सर्वांत स्वच्छ मार्ग होय.

दरपत्रकातील अटी

अनुदानित महाविद्यालयात खरेदी दरपत्रके मागवून होते आणि किमान दर मान्य करण्याकडे कल असतो. मागणीपत्रात केवळ 'चौकटीसह चित्रे, नग १०' असे लिहिले, तर किमान दराने फ्लेक्सच येणार. तुलना समान वस्तूंची व्हावी, म्हणून पुढील अटी मागणीपत्रातच नोंदवाव्यात :

१. चित्रकार, शीर्षक, वर्ष, मूळ माध्यम व मूळ आकार.
२. प्रतीचा आकार, चित्र न छाटता चारही बाजूंना कोरी कड.
३. आम्लरहित कापूसतंतूंचा मॅट कागद. वजन व उत्पादकाचे नाव नमूद.
४. रंगद्रव्ययुक्त शाई, रंजकाची शाई अमान्य.
५. अंतिम आकारात दर इंचास ३०० बिंदू, मोठ्या प्रतीसाठी किमान २००.
६. छपाईपूर्वी त्याच कागदावर लहान नमुनाप्रत. मान्यतेनंतरच अंतिम छपाई.
७. परवानगीचा किंवा प्रताधिकारमुक्त असल्याचा लेखी उल्लेख.
८. चौकट, आम्लरहित खिडकी-माउंट व आच्छादन यांचा दर स्वतंत्र.

एवढ्या अटी पाळून दहाऐवजी तीनच प्रती घेता आल्या, तरी ती खरेदी अधिक सार्थ होय. नॅक मूल्यांकनाआधी घाईने भिंती भरण्यापेक्षा दरवर्षी एक-दोन प्रती घेत संग्रह वाढवणे हितावह ठरते.

दमट हवेतील जतन

शहापूर आणि मुरबाड तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. जून ते सप्टेंबर या काळात येथील भिंतींना ओल येते. संग्रहालयात सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखतात; ती दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरण्याचा धोका वाढतो. वातानुकूलन नसले तरी काही उपाय साध्य आहेत.

प्रत काचेला चिकटू नये म्हणून खिडकी-माउंट लावून मध्ये पोकळी ठेवावी. साध्या काचेऐवजी अतिनील किरण अडवणारे अॅक्रिलिक घ्यावे. ते हलके असते, मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात. प्रत माउंटला चिकटपट्टीने न लावता जपानी कागदाच्या बिजागरीने व गव्हाच्या खळीने वरच्या कडेला जोडावी. लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा काढता येत नाही. चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि चौकट यांमधून हवा खेळते व वाळवीही लवकर लक्षात येते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत, स्वच्छतागृहालगतची भिंत आणि थेट उन्हाची जागा टाळावी. कागदावरील नाजूक कृतींसाठी संग्रहालये सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. महाविद्यालयाच्या मार्गिकेत तो पाळणे कठीण आहे. म्हणून प्रती आलटून पालटून लावाव्यात. पावसाळ्यात काही प्रती ग्रंथालयातील कोरड्या कपाटात आम्लरहित कागदात सपाट ठेवाव्यात.

प्रतीची नोंद जडसंग्रह नोंदवहीत 'मुद्रित प्रतिकृती' अशीच करावी आणि भिंतीवरील नामफलकावर मूळ कृतीच्या तपशिलाखाली हाच शब्द लिहावा. मूळ चित्राचा आकार फलकावर दिल्यास विद्यार्थ्याला आपण काय पाहत आहोत आणि काय पाहत नाही, हे दोन्ही कळते.

स्थानिक दृश्यपरंपरेशी नाते

या परिसरात वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांची वस्ती आहे. वारली लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर चौक 'लिहितात'. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन यांतून हे चित्र घडते. त्याला अमूर्त चित्र म्हणणे योग्य नाही. त्यात पालघट देवी आहे, माणसे, झाडे, प्राणी आहेत आणि विधीचा निश्चित अर्थ आहे. तरीही आकारांची अंतर्गत लय वाचण्याची सवय या परंपरेत मुरलेली आहे. कँडिन्स्की किंवा क्ले यांच्या उत्तम प्रतीसमोर उभे राहून दोन्हींतील साम्य आणि भेद यांची चर्चा वर्गात करता येईल. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणले, तेव्हा विधीतून बाहेर आलेल्या चित्राचे काय झाले, हाही या चर्चेचा विषय होऊ शकतो. या परंपरेतील मूळ चित्रे कलाकारांकडून थेट विकत घेणे आजही महाविद्यालयाला शक्य आहे. जेथे मूळ कृती मिळू शकते तेथे तिची प्रतिकृती घेऊ नये.

समारोप

प्रतिकृती मूळ चित्राची जागा घेत नाही. शक्य तेव्हा विद्यार्थ्यांना मुंबईतील दालनांत नेलेच पाहिजे. उत्तम प्रत पाहून गेलेल्या विद्यार्थ्याला तेथे काय शोधायचे हे ठाऊक असते. निकृष्ट प्रत मात्र अमूर्त कलेविषयी असा ग्रह करून देते, जो पुढे मूळ चित्र पाहण्याची इच्छाच मारतो. त्यामुळे कागद, शाई, प्रतिमा, आकार, परवानगी आणि जतन या सहा बाबींची लेखी खात्री करून मोजक्या प्रती घेणे, त्यांना प्रतिकृती म्हणूनच मांडणे आणि त्यांच्यासमोर वर्ग घेणे, हा ग्रामीण महाविद्यालयासाठी शहाणपणाचा मार्ग आहे. मागणीपत्रातील चार ओळी अधिक लिहिण्याचे कष्ट घेतले, तर विद्यार्थ्याची अमूर्त चित्राशी पहिली भेट खऱ्या अर्थाने भेट ठरू शकते.